भागिरथीने पाळलेले जंतू

"काय काम करतेस गं?" असं कुणी विचारलं की भागिरथी पगारे सरळ सांगायची, "जंतू पाळते." कोपरगावच्या बाजारात हे ऐकून एक भाजीवाली टोपलीसकट मागे सरकली होती. भागिरथी ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना हसत हसत सांगायची.

नगरच्या कॉलेजातून ती बी.एस्सी. झाली. वडील लवकर गेले होते. आईने, बनाबाईने, उसाच्या खुरपणीला जाऊन तिला शिकवलं. निकाल लागला तेव्हा वस्तीवरच्या विहारात सगळ्यांनी तिला हार घातला, आणि थोड्याच दिवसांत गावाबाहेर नव्याने निघालेल्या एका छोट्या औषध कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, तिला नोकरी लागली.

तिथे डेक्स्ट्रान तयार व्हायचं. अपघातात किंवा बाळंतपणात फार रक्त गेलं की रक्ताची बाटली मिळेपर्यंत शिरेतून एक द्रव चढवतात, त्यातला हा मुख्य घटक. तो जंतूंकडूनच करून घ्यावा लागतो. साखरेच्या पाण्यात सोडले की ते साखर खातात आणि शेंबडासारखा चिकटा तयार करतात. तो शुद्ध करून औषधाच्या कामाचा करायचा.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर पुण्याहून आणलेले हे जंतू मंदावले. टाक्यांतलं पाणी घट्ट होईना. प्रयोगशाळेचे प्रमुख रंगनाथ औताडे परदेशातून नवे जंतू मागवायच्या विचारात होते.

भागिरथी म्हणाली, "साहेब, ते येईपर्यंत गुऱ्हाळांचा हंगाम संपेल. उसाचा रस नासला की त्याला तार सुटते. ती याच जातीच्या जंतूंमुळे ना? मग इथलेच शोधू का?"

औताडे साहेब म्हणाले, "शोध. पण रानातला जंतू आणला आणि कामाला जुंपला, असं होत नाही. त्याला घडवावा लागतो. ते मी तुला शिकवतो."

दुसऱ्याच दिवशी ती गोदाकाठच्या एका गुऱ्हाळावर गेली. मालक पुंजाराम चरकाखालची रसाची पन्हळ घासत होते. पन्हळीच्या सांध्यात पांढरट, बुळबुळीत थर साचला होता.

"मामा, घासू नका! तेच मला हवंय."

पुंजारामने घासणी खाली ठेवली. "ही घान? अगं, हिच्यापायी माझा रस नासतोय. गूळ मागायचा सोडून हे काय मागतीस?"

"याचं औषध होतं, मामा."

"औषद? मग ने की समदी! रोज येऊन नेलीस तरी माझी ना न्हाई." आणि वर गुळाचा खडाही तिच्या हातावर ठेवला.

काचेच्या बशांत तिने त्या चिकट्यातले जंतू वाढवले. पहिल्या बशांवर नुसती बुरशी आली. मग एकदाची साबुदाण्यासारखी चकाकणारी थेंबुकली दिसली. जात तीच होती, पण काम बेताचं. आता साहेबांचा धडा सुरू झाला. त्यांनी अतिनील किरणांचा दिवा काढला. "याच्या उजेडात बहुतेक जंतू मरतात. जे जगतात, त्यांतल्या काहींचा स्वभावच पालटतो. कुणी आळशी होतो, कुणी दुप्पट राबतो. आपण राबणारा निवडायचा. आणि हे बघ, दिव्याकडे बघायचं नाही."

भागिरथीने बघितलंच. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. बनाबाईने दुधाच्या घड्या ठेवता ठेवता चांगलंच फैलावर घेतलं. "मास्तरनी झाली असतीस तर काय बिघडलं असतं? निदान पोरं तरी डोळं जाळत न्हाईत."

"मास्तरणीचं डोकं जळतं, आई," भागिरथी डोळे मिटूनच म्हणाली, आणि बनाबाईलाही हसू फुटलं.

बरी होऊन ती परत गेली. एकदा दिवा जास्त वेळ राहिला आणि बशीत काहीच उरलं नाही. एकदा कमी पडला आणि काहीच बदललं नाही. संक्रांत गेली. जंतूंचे असंख्य ठिपके तिने निवडले, वाढवले, तपासले आणि टाकून दिले. फेब्रुवारीत एका सकाळी तिने बशी उघडली, तर एक ठिपका शेजाऱ्यांच्या अंगावर चढून बसलेला, जाडजूड, काचेसारखा लखलखीत. तो साखरेच्या पाण्यात वाढवून ते पाणी तिने मद्यार्कात ओतलं. तळाशी कणकेच्या उंड्यासारखा डेक्स्ट्रानचा पांढरा गोळा बसला. तिने ओरडून साहेबांना बोलावलं.

साहेबांनी काचेची कांडी घालून गोळा उचलून पाहिला. "नाव काय ठेवायचं याचं?"

"पुंजाराम."

साहेब खो खो हसले, पण बाटलीवर तेच नाव लिहिलं.

मोठ्या टाकीत सोडल्यावर पुंजारामाने सगळ्यांची भंबेरी उडवली. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीतला घुसळणारा पंखा गुरगुरला आणि थांबला. आतलं पाणी खळीसारखं घट्ट झालं होतं. बादल्या आल्या, कामगार धावले. फरशीवर सांडलेल्या चिकट्यावरून औताडे साहेबांचा पाय सटकला आणि ते बसल्या बसल्याच दारापर्यंत घसरत गेले. कुणी हसावं की उचलावं, कळेना. शेवटी साहेबच म्हणाले, "अरे, हसा की! टाकी अडली ती माल जास्त झाला म्हणून!" मग हशाला धरबंद राहिला नाही.

पुढच्या खेपेला साखर कमी घातली, टाकी वेळेवर रिकामी केली आणि सगळं सुरळीत झालं. शुद्ध केलेला माल आधी सशांना टोचून पाहायचा होता. त्यांना ताप आला तर तो माल माणसाला चालत नाही. भागिरथी दिवसभर पिंजऱ्यांपाशी बसून होती. एकाही सशाला ताप आला नाही. उलट त्यांनी तिच्या ओढणीचं टोक कुरतडलं. उन्हाळ्याच्या तोंडावर पहिला माल पुण्याला गेला, तिथल्या तपासणीत उतरला, आणि भागिरथीला केमिस्टची जागा मिळाली.

बनाबाईच्या मनात फार दिवसांपासून वेरूळला जायचं होतं. भागिरथीने रजा काढली आणि दोघी एस.टी.ने गेल्या. तिथल्या लेण्यात, बुद्धाच्या मोठ्या मूर्तीसमोर बनाबाई कितीतरी वेळ हात जोडून बसल्या. उठल्या तेव्हा चेहरा अगदी निवांत होता.

"चल, आता लई भूक लागली," त्या म्हणाल्या. मायलेकींनी सावली बघून भाकरी-ठेचा सोडला आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत गप्पा मारत बसल्या.