भरून आणलेल्या खुर्च्या

मंडपवालीची जीभ तिखट, हे तिला भेटलेला कुणीही सांगेल. न भेटलेलेही सांगतील, कारण तिचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून यायचा. नवरा गेल्यावर त्याचा मंडपाचा आणि खुर्च्यांचा धंदा तिने अंगावर घेतला होता. लग्न असो की शोकसभा, खुर्च्या तिच्याच. वॉर्डाच्या वार्षिक सभेलाही तिच्याच.

आता ही सभा म्हणजे काय नमुना होता, ते सांगायलाच हवं. वॉर्डाचा निधी कशावर खर्च करायचा, ते तिथे हात वर करून ठरायचं. पण मोजायचे फक्त बसलेल्यांचे हात. उभे ते बघे! हा नियम कुणी काढला असं विचारलं की सगळे छताकडे बघत. वरच्या चौकातली मंडळी निवांत, ती दुपारीच येऊन खुर्च्या धरायची. खालच्या आळीतली माणसं कामावरून धापा टाकत यायची आणि दाराशी ताटकळायची. त्यामुळे चौकात दिवे आले, बाकं आली, बाकांना छपरं आली. आळीतलं उघडं गटार मात्र होतं तसंच वाहत राहिलं. कर घेताना कोण उभा नि कोण बसलेला, हे बरं कुणी बघत नव्हतं!

त्या गटारावरच्या फळीवरून यंदा मंडपवालीची सासू घसरली आणि पाय मोडून बसली.

"अगं, साऱ्या दुनियेला बसवतेस," म्हातारी खाटेवरून ओरडली, "आणि आपली आळी दाराशी उभी! कसली गं तू खुर्चीवाली?"

सुनेला ते झोंबलं. त्यात नगरसेवकाचा फोन आला. "ताई, उद्या नेहमीएवढ्याच खुर्च्या पाठवा. चौकात कारंजं करायचंय, चटकन उरकू."

"पाठवते की साहेब. वेळेआधीच पाठवते," मंडपवाली इतकी गोड बोलली की सासूने मान वळवून पाहिलं. सून गोड बोलली की कुणाचं तरी काही खरं नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ज्यांना जमलं त्यांनी अर्धा दिवस काम बुडवलं. भर दुपारी आळीतून वरात निघाली. धुणीभांडीवाल्या, हमाल, गवंडी, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक खुर्ची. सगळ्यात पुढे हातांची गादीवाली खुर्ची, त्यात सासूबाई बसलेल्या, आणि ती खुर्ची उचलून चाललेले दोन दांडगे शेजारी.

"हळू रे मेल्यांनो! दुसरा पाय शाबूत ठेवा!"

चौकातली मंडळी हॉलवर पोचली तेव्हा आत एकही जागा नव्हती. नगरसेवक दारातच थबकला.

"खुर्च्या कुठायत, ताई?"

"या काय समोर! नेहमीएवढ्याच आहेत. यंदा भरून आणल्यात, तुम्हाला भरायचा त्रास नको."

आळी खो खो हसली. चौकातले एक निवृत्त साहेब, ज्यांनी आजवर आळीला कधी ओळख दाखवली नव्हती, ते लालबुंद झाले. "म्हणजे आम्ही उभं राहायचं? आणि आमचे हात मोजणार नाहीत? हा सरळसरळ अन्याय आहे!"

"अगं बाई, कळलं वाटतं!" सासूबाई म्हणाल्या.

नगरसेवकाने घाम पुसला. बसलेल्यांचेच हात मोजावेत, तर कारंजं आत्ताच बुडालं; आणि दाराशी उभा चौक तर खुर्च्यांपेक्षा जास्त होता. त्याने टेबलावर थाप मारली आणि मोठ्या मनाचा आव आणून जाहीर केलं, "यापुढे उभ्यांचेही हात मोजले जातील! लोकशाही आहे ही!"

चौकाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पायऱ्यांवर चपलांचा गलका झाला. गिरणी सुटली होती. आळीतली उरलेली माणसं रोजच्या सवयीने येऊन दाराशी उभी राहिली, आणि गटाराचा विषय निघताच आत-बाहेर हातच हात झाले. कारंज्याला जे हात मिळाले ते निवृत्त साहेबांनी स्वतःच एकदा मागे वळून पाहिले आणि आपला हात हळूच खिशात घातला.

सभा संपली. नगरसेवक दिवसभर टेकला नव्हता. "निदान माझी तरी खुर्ची द्या आता," तो मंडपवालीला कुरकुरत म्हणाला. गादीवाली खुर्ची दरवर्षी त्याचीच असायची.

"माझ्याकडे काय मागता? बसल्यात त्यांना विचारा."

सासूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "गटारावर झाकण बसू दे. मग उठते."

आणि बाई खरंच उठल्या नाहीत. तीच खुर्ची त्यांनी गटाराच्या काठावर मांडून घेतली, आणि काम पुरं होईपर्यंत ठेकेदाराच्या माणसांना तिथून असं फैलावर घेतलं की सुनेचा आवाज आळीला गोड वाटू लागला.