सोबत कोण आहे?

ये, कागदावर का होईना, जरा जवळ बस. फोनवर या आईशी बोलताना तुझं पोळ्या लाटणं चालू असतं, मला सारं ऐकू येतं. दहा मिनिटं हात थांबव ना बाई! मी काही पोटातलं काढायला जाते, तोवर तुझा कुकर वाजतो, अन् मी म्हणते, "राहू दे, सारं ठीक आहे." तर ठीक नाही. म्हणून लिहून राहिले.

माझं लिव्हर बिघडलं हे तुला ठाऊक आहे; किती, ते मी सांगितलं नाही. बाळंतपणात रक्त चढवलं होतं, त्यातून कावीळ आत शिरली अन् वर्षानुवर्षं चुपचाप बसली, असं नागपूरचे डॉक्टर म्हणतात. कावीळ औषधानं गेली, पण लिव्हर तोवर आकसून गेलं. आपल्या गल्लीत लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच आठवते. तुझ्या बाबांनी कधी थेंब शिवला नाही, अन् त्यांच्या मागे माझं नाव खराब व्हायचं! म्हणून कोणाला बोललेच नाही. न बोलण्याची सवय झाली की माणसं येईनाशी होतात, हे मात्र उशिरा कळलं.

त्यात दाढ दुखायला लागली. आपल्या पांढुर्ण्यात दातांचे डॉक्टर आहेत, पण बाहेरच्या बाकावर कोणी ना कोणी ओळखीचं भेटणारच. मी बस धरून सौसरला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईला फक्त बीपीची गोळी सांगितली. तिनं माझी बाही वर सारली.

"आजी, हे काळंनिळं काहून?"

"बांगड्या भरल्या व."

"बांगड्या काय खांद्यापर्यंत भरता?"

मग सांगावंच लागलं. तिनं चिमटा खाली ठेवला अन् रक्त गोठण्याची तपासणी लिहून दिली.

तपासणी करून तिचा कागद घेऊन नागपूरला गेले. डॉक्टर म्हणाले, रक्त जमवणारी द्रव्यं लिव्हरच बनवतं, अन् रक्त पातळ ठेवणारीही तेच. तुमच्याकडे दोन्ही कमी झाली. आकडा वाईट दिसतो, पण नुसत्या आकड्यावरून रक्त वाहतच राहील असं नाही. कधी उलट नको तिथे गाठही होते.

मी म्हटलं, "म्हणजे माह्यं दही लागलं का नाही, हे सकाळीच कळन?"

ते हसले. "सकाळपर्यंत वाट पाहू नका. थांबलं नाही तर लगेच या. दाढ काढून टाका घालता येईल, पण दोन दिवस घरात कोणी पाहिजे."

चिठ्ठी घेऊन पुन्हा सौसर. डॉक्टरीणबाईनं चिठ्ठी वाचली अन् विचारलं, "सोबत कोण आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सून आहे बाहेर."

बाहेर लोधीखेड्याची एक बाई गाल धरून बसली होती. अर्धा तास आमच्या गप्पा झाल्या होत्या, तेवढीच ओळख. दार उघडलं तशी मी डोळ्यानं खूण केली. आतलं बोलणं तिला ऐकू गेलं असावं; तिनं सुनेसारखा पदर सावरला अन् सरळ आत आली. "काय झालं, आत्याबाई?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! डॉक्टरीणबाई तिला समजावत गेली, कापडाची घडी किती वेळ दाबायची, काय खाऊ घालायचं, कधी उचलून आणायचं. ती "हो, हो" करत होती. मग कागद पुढे आला, सहीचा. तिनं पेन घेतला अन् परत ठेवला.

"मी सही नाही करत, डॉक्टर. मले यांचं नावबी मालूम नाही." मग माझ्याकडे वळली. "बाई, घरी रक्त वाहाले लागलं तं माह्यी सही येनार हाये का घडी दाबाले?"

दाढ काढायची राहिली. ती बाई मात्र मला सोडून गेली नाही. बस अड्ड्यावर चहा पाजला, गार करून.

"पोरगी हाये ना तुमाले? मंग तिले काहून नाही सांगत?"

"तिले तरास कायले?"

"अन् मले नाही झाला का? वा व आत्याबाई!" म्हणाली अन् गाल धरूनच हसली. पांढुर्ण्याच्या बसमध्ये तिनंच मला खिडकीशी बसवलं. बस सुटल्यावर आठवलं, मीही तिचं नाव विचारलं नव्हतं.

दाढ अजून तोंडातच आहे. दुधात पोळी कुस्करून दुसऱ्या बाजूनं खाते. डॉक्टरीणबाई म्हणते, कोणी आलं की दुसऱ्याच दिवशी काढू. मी शेजारी विचारून पाहिलं असतं, पण खरं सांगू? मला शेजारीण नको आहे.

चार दिवसांची रजा घे. फराळाचं काही आणू नको, मला चावत नाही. लेकरांना आणलं तर बरंच, नाही तर एकटी ये. येजो व माय, लवकर येजो.