पितृपक्षातला मांडव

आमच्या धंद्यात एक रीत होती. आषाढी एकादशीला ऑर्डरींची वही लाल फडक्यात बांधायची, गोदामातल्या फळीवर ठेवायची आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून मांडव नाहीत, म्हणून मांडववाल्याला काम नाही. आमचे मांडव फक्त लग्नांचे, गणपती-नवरात्राचे आम्ही घेत नाही. वडिलांनी ही रीत उभा जन्म पाळली. धंदा माझ्याकडे आला तेव्हा मी कनाती बदलल्या, खुर्च्या बदलल्या, जीएसटीचा नंबर काढला, पण वही बांधायची रीत तशीच ठेवली. तिनेच मला गोत्यात आणलं.

दर महिन्याला रिटर्न भरायचं असतं, एवढं मला माहीत होतं. पण ज्या महिन्यात एका रुपयाचंही काम नाही, त्या महिन्यातही ‘काम नाही’ असं सरकारला कळवावं लागतं, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. विकलंच नाही तर सांगायचं काय? चातुर्मासभर मी काहीच भरलं नाही. तुळशीचं लग्न लागलं, वही सोडली, लग्नसराई अंगावर आली आणि रिटर्न भरायला बसले, तर मागची सगळी भरल्याशिवाय पोर्टल पुढचं घेतच नाही म्हणे. मागच्यांवर रोजचा दंड चढत होता. आज भरू, उद्या भरू करता करता अख्खी लग्नसराई निघून गेली. चूक माझी होती. ती मी तेव्हाही कुणावर ढकलली नाही, आजही ढकलत नाही.

नोटिसा ईमेलवर येत होत्या. तो ईमेल कर सल्लागाराचा. त्याने बघितला नाही आणि मी विचारलं नाही. मग पुढच्या आषाढात एक निरीक्षक चितेगावच्या रस्त्यावरचं आमचं गोदाम बघून गेला. वही फळीवर गेलेली, गोदामाला कुलूप. श्रावणात आदेश आला: जागेवर कोणताही व्यवसाय आढळून आला नाही, सबब नोंदणी रद्द.

दंडाचं मला तितकंसं वाटलं नाही, पण हे वाक्य वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मांडववाल्याचा व्यवसाय गोदामात कधी दिसतो का? तो लोकांच्या दारात उभा असतो. गोदामात नुसते बांबू आणि गाठोडी असतात. ज्या बाईने वैशाखाच्या उन्हात शिडीवर उभं राहून गावोगावची लग्नं झाकली, तिचा व्यवसाय आढळला नाही म्हणे.

नंबराशिवाय कंपन्या मांडववाल्याला दारात उभं करत नाहीत, हे खरंच. पण माझं दुखणं वेगळं होतं. आमचं घर नवऱ्याच्या नावावर, स्कूटर नवऱ्याच्या नावावर, गॅसचं कार्ड सासूबाईंच्या नावावर. माझ्या नावापुढे ‘मालक’ लिहिलेला जगात एकच कागद होता, जीएसटीच्या नोंदणीचा, आणि तो गोदामाच्या भिंतीवर लटकत होता.

कर सल्लागार मला समजावत होता. “ताई, जुन्या नंबरच्या नादी लागू नका. साहेबांच्या नावानं नवा काढू. लगेच काम होईल.” साहेब म्हणजे माझा नवरा.

“आणि मला जुनाच पाहिजे असंल तर?”

“मग सगळी रिटर्न भरा, दंड भरा, अर्ज करा. कारण म्हणून आजारपण लिहू. सर्टिफिकेट मिळून जातं.”

“मी आजारी नव्हते.”

“कुणीच नसतं हो, ताई.”

मी पुंडलिकनगरला घरी आले. वडील आमच्याकडेच राहतात. त्यांना सगळं सांगितलं, तर तेही तेच म्हणाले. “जावयाच्या नावावर करून टाक, माय. काम तर तूच करणार. कागद कुणाचाबी असू दे.”

“तुमच्या वेळेला कागद कुणाच्या नावावर होता, बाबा?”

नवरा जेवता जेवता म्हणाला, “मला नको बरं का तसला कागद. मला बांबूची गाठबी येत नाय.” घरात माझ्या बाजूने आलेलं तेवढं एकच मत, आणि तेही भीतीपोटी.

मला भिशी लागली होती, ती दंडात गेली. रिटर्न भरली आणि अर्जातलं कारण स्वतः लिहिलं: ‘चातुर्मासात आमचे काम बंद असते. तेव्हाही रिटर्न भरावे लागते हे मला माहीत नव्हते. नंतर कळले, तरी दंडाच्या भीतीने टाळले. मी आजारी नव्हते. माझा व्यवसाय बंद नव्हता व नाही.’ सल्लागाराने कपाळाला हात लावला, पण अर्ज पाठवला.

थोड्या दिवसांनी फोन आला. निरीक्षक जागा पुन्हा बघायला येणार होता. दिवस कोणता, तर पितृपक्षातला.

ज्या घरात चातुर्मासात बांबू रोवत नाहीत, तिथे पितृपक्षात मांडवाचा विषयसुद्धा काढत नाहीत. हे सगळं मला कळत होतं. तरीही मी खुलताबादच्या चाचांना फोन लावला. वडिलांच्या वेळेपासून आमच्या कनाती आणि झालरी तेच शिवतात, आणि मांडव घालायला त्यांच्यासारखा माणूस नाही.

“चाचा, परवा सकाळी मांडव घालायचाय. गोदामापुढंच.”

“पितरां के दिनां में? किसकी शादी है, बेटा?”

“कुणाचीच नाही. धंदा दाखवायचाय.”

ते म्हणाले, “मेरेकू क्या. तू बोल, मैं खडा करता.”

वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी ताटावरून हात उचलला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

त्या सकाळी आम्ही गोदामापुढच्या मोकळ्या जागेत पूर्ण मांडव उभा केला. कनाती, छत, झालर, खुर्च्यांच्या रांगा, अगदी नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्यासुद्धा. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायला लागले, लग्न कुणाचं म्हणून. एक म्हातारी तर रागावलीच. “पितरं बघत्यात, बाई.”

“बघू द्या, आजी. माझे पितर मांडववालेच होते. त्यांनाबी कळू द्या धंदा चालू हाय म्हणून.”

तेवढ्यात रिक्षातून वडील उतरले. कुणाशी एक शब्द नाही. एकेका बांबूला हात लावत, हलवून बघत त्यांनी सगळा मांडव तपासला. एका कोपऱ्यात थांबले.

“ह्यो दोर ढिला हाय,” ते चाचांना म्हणाले.

चाचांनी दोर ओढला. वडिलांनी पुन्हा बांबू हलवून बघितला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसले. मी शिडीवर चढले, कारण दर्शनी बाजूची झालर राहिली होती.

निरीक्षक मोटारसायकलवर आला. पोरसवदा होता, काखेत फाइल. रिकाम्या मांडवाकडे बघत तो क्षणभर उभाच राहिला. मग पांढऱ्या कपड्यातल्या वडिलांकडे गेला.

“मालक तुम्हीच ना?”

माझे हात झालरीवर थांबले. वडिलांना एवढ्या वर्षांची सवय होती, आणि ‘हो’ म्हटलं असतं तर मला रागही आला नसता.

“नाय,” ते म्हणाले. “मालक शिडीवर हाय. गाठ बांधून होऊ द्या, मग इचारा.”

मी गाठ पक्की बांधली आणि सावकाश उतरले. निरीक्षकाच्या कागदावर ‘मालक’ लिहिलेल्या जागेपुढे सही केली. दिवाळीच्या आत नंबर चालू झाला.

आषाढीला मी अजूनही वही लाल फडक्यात बांधते. रीत मोडायची म्हणून मोडलेली नाही. पण चातुर्मासात दर महिन्याला मोबाइलवर शून्याचं रिटर्न भरते, आणि मला आठवण वडील करून देतात. चहाचा कप खाली ठेवून विचारतात, “मालक, शून्य भरलं का?”