एक पावटा कमी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, तेव्हा जे चुकेल ते पोटात घाला. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी आधीच माफी मागते, कारण ती शाळेतल्या बाईंच्या हाती पडली असती तर मजकूर वाचण्याआधी त्यांनी लाल शाई काढली असती.

गावात त्यांना सगळे वालाच्या बाई म्हणत. रोह्याहून सकाळच्या गाडीने कासूला उतरत आणि चालत आमच्या शाळेत येऊन मुलांना वाल-पावट्याचे दाणे वाटून विज्ञान शिकवत. तास संपला की दारात उभ्या राहून एकेका मुलाला खिसे उलटे करायला लावत. "मोजून दिलेत, मोजून घेणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एवढ्याशा कडधान्यावरून त्या आमच्या मुलांवर संशय घेत, म्हणून आम्हीही त्यांच्यावर घेत असू.

हे कडधान्य माझ्याच घरचं. भात कापल्यावर त्याच शेतात आम्ही वाल आणि पावटे घेतो. बाई एक दिवस दारात आल्या आणि शेरभर तांबूस कडवे वाल, शेरभर पांढरे पावटे मागितले. मी हळूच विचारलं, "भिजत घालायला?"

"नाही, खेळायला. पैसे पगार झाला की देते."

शेजारची काकी पडवीत बसून सगळं ऐकत होती. बाई गेल्यावर म्हणाली, "गो, शिकलेली बाय वालांशी खेलते? हिचं पैसं तुला नाय दिसायचं." मलाही तसंच वाटलं, पण मागायला माझी जीभ उचलत नसे.

मग एक दिवस वैजू, माझी मुलगी, घरी येऊन म्हणाली, "आई, बाईंनी घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांचा रंग लिहून आणायला सांगितलाय." आमच्या घरात सगळ्यांचे डोळे काळे, एकट्या वैजूचे घारे. ती झाली तेव्हापासून सासूबाई म्हणत, "आमच्यात कोन घारा नाय. कुठनं आनलीस गो ही मांजर?" हे काही म्हणत नसत. कंपनीतून शिफ्ट करून आले की आमच्या मुलाला जवळ घेत, वैजूला नाही. त्यांनी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तुमचीच आहे. पण न विचारलेल्याचं उत्तर कसं द्यायचं? आता ही बाई वर्गात सगळ्यांसमोर तेच उकरणार. सासूबाईंनीच तिला सांगितलं असेल, असंही माझ्या मनात आलं. मी वैजूला म्हटलं, "सगळ्यांचे काळे लिही. तुझेही."

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा दारात. हातात वैजूची वही. "वैजूच्या आई, मुलीने खोटं लिहिलंय, आणि तिला ते जमत नाही. शनिवारी पालकांची सभा आहे. दोघं या."

मी यांना सांगणारच नव्हते, पण वैजूने सांगितलं. हे पहिली शिफ्ट करून तसेच शाळेत आले. मी दाराशीच उभी राहिले. टेबलावर दोन पिशव्या होत्या, एक आईची, एक बापाची. बाई म्हणाल्या, "प्रत्येक पिशवीत वालही आहेत, पावटेही. दोन्हींतून एकेक दाणा काढायचा. जोडीत एक जरी वाल आला तरी मूल काळ्या डोळ्यांचं. दोन्ही पावटे आले तरच घारं. काढा कोणीतरी."

हे पुढे झाले. आधी दोन्ही पिशव्या टेबलावर ओतल्या, दाणे चाचपले, परत भरल्या. बाई हसल्या नाहीत. "बरोबर केलंत," म्हणाल्या. मग यांनी काढायला सुरुवात केली. वाल आणि वाल. वाल आणि पावटा. पुन्हा वाल. सगळी मुलं काळ्या डोळ्यांची. पुष्कळ वेळाने दोन्ही हातांत पावटे आले. हे त्या दोन दाण्यांकडे बघत राहिले.

"म्हंजे बापाकडनं पन एक पांढरा लागतो?"

"लागतोच. एकट्या आईच्या पिशवीतून घारी मुलगी होत नाही."

"पन माझं डोलं तर कालं हायत."

"वालाच्या आड पावटा दिसत नाही. तुम्हालाही कोणीतरी दिलेला असणार." मग त्या म्हणाल्या, "कोणाचं मूल कोणाचं, ते हा खेळ सांगत नाही. काळ्या डोळ्यांच्या घरात घारं मूल होऊ शकतं, एवढंच सांगतो. नुसत्या डोळ्यांवरून संशय धरायचा नाही."

घरी आल्यावर यांनी चप्पलही काढली नाही. "आये, तुझ्या म्हायेरी कोन घारा व्हता?"

सासूबाई सुपातलं पाखडत होत्या. सूप थांबलं. "मरून गेलेल्यांचं आता काय?"

"कोन व्हता?"

"माझा आजा," त्या म्हणाल्या. "त्याला मांजर म्हनायचे."

इतकी वर्षं त्यांना ते ठाऊक होतं. मी आत जाऊन पाण्याचा हंडा उगाच इकडचा तिकडे ठेवला. बाहेर हे वैजूला म्हणत होते, "तुझी विज्ञानाची वही आन बघू."

दोन दिवसांनी यांचा सदरा धुताना खिशातून एक पावटा निघाला. मी तो सुकवून परत तिथेच ठेवला. पुढे प्रत्येक धुण्याला तो काढायचा आणि परत ठेवायचा, हे माझं कामच झालं. यांनी कधी विचारलं नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस बाईंची बदली पेणला झाली. जायच्या आदल्या दिवशी दारात आल्या आणि रुमालात बांधलेले पैसे पुढे केले. मी नको म्हटलं.

"मोजून घ्या. माझ्यावरही विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "दाणे शाळेत ठेवलेत. एक पावटा कमी आहे. सगळ्या मुलांचे खिसे पाहिले, सापडला नाही. त्याचेही धरलेत."

बाईंशी मी आपणहून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तो आमच्याकडे आहे, बाई. ह्यांच्या खिशात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग तिथेच राहू दे," म्हणाल्या.

मी ओट्यावर बसून त्यांच्यासमोर मोठ्याने मोजलं. पडवीतून काकी ऐकत होती. पैसे पुरे होते.