छातीकडे बघणारे दाजी

आमचे दाजी माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलायचेच नाहीत. त्यांची नजर थेट छातीवर. समोरच्याचा श्वास किती खोल जातो, मध्येच अडखळतो का, हे आधी बघून घ्यायचे आणि मग "बरंय ना?" असं विचारायचे. ताईच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्या गावी, बेंबळीला आले, तेव्हा मावशीनं सारखा पदर सावरला आणि शेवटी स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्यांचा अभ्यासच श्वासाचा आहे, मनावर घेऊ नका, असं ताईला सगळ्यांना सांगत फिरावं लागलं. मी मात्र मनावर घेतलं. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

दाजी मूळचे नळदुर्गचे, पण बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत होते. मेंदू श्वास कसा चालवतो या विषयात पीएचडी झाली होती आणि त्यातच पोस्टडॉक चालू होतं. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीच्या नंतरचं संशोधन, असं ताईनं समजावल्यावर आई हळूच म्हणाली, "म्हंजी आजून शिकत्यातच व्हय?" गावानं मात्र त्यांना डॉक्टरच धरलं. कुणी दम्याचा पंप घेऊन यायचं, कुणी एक्स-रे. दाजी कशालाही हात लावायचे नाहीत. "मी त्यातला डॉक्टर न्हाय," एवढं म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

जेवताना मात्र त्यांना कामाबद्दल बोलायची भारी हौस. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मेंदूचा, मानेजवळच्या भागाचा, पातळ काप काढायचा. तो नीट जपला तर त्यात श्वासाचा ठेका चालूच राहतो. "उंदीर न्हाय, छाती न्हाय, फुप्फुस न्हाय, तरी ठेका चालू," असं सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. ताईकडे बघताना तो तसा उजळलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी आईनं जेवणानंतर त्यांच्या हातावर दोनदा पाणी घातलं.

बाकी कशाबद्दल विचारा, "आत्ताच सांगता येणार न्हाय" हे उत्तर ठरलेलं. आमटीत मीठ बरोबर आहे का, असं विचारलं तरी हेच. मला वाटायचं, या माणसाचं अख्खं आयुष्य पुरावा गोळा करण्यात जाणार आणि बायको ताटकळत बसणार.

आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, मात्र जावयाचं कोण कौतुक. अप्पांचं बी-बियाणांचं दुकान. दुपारी जेवून ते दुकानामागच्या खोलीत आडवे व्हायचे आणि घोरायला लागायचे. घोरणंही वेगळंच. आवाज चढत जायचा, मग उतरत उतरत पार बंद व्हायचा. छातीवरचं गळ्यातलं इष्टलिंग हलायचं थांबायचं. आम्ही एकमेकांकडे बघायचो, तोवर मोठ्ठा श्वास यायचा, अप्पा "शिवा शिवा" म्हणत कूस बदलायचे आणि आम्ही हसायचो. दाजी हसायचे नाहीत. ते उशाशी खुर्ची ओढून मोबाइलवर आवाज भरून घ्यायचे. दर दिवाळीला. आवाज स्वच्छ यावा म्हणून अप्पा पंखा बंद करून घामाघूम होऊन झोपायचे. "जावईबापू, आमचं घोरणं पोचलं का बंगळूरला?" असं मोठ्या अभिमानानं विचारायचे.

गेल्या वर्षी अप्पा दुकानात बसल्या बसल्या गेले. हृदय बरेच दिवस कमजोर असणार, असं धाराशिवचे डॉक्टर म्हणाले. दाजी आले आणि रडले. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा जास्त रडले. भेटायला आलेल्या कुणीतरी विचारलं, आधी काही त्रास होता का? मी म्हटलं, काही नाही, नुसते घोरायचे.

माणसं गेल्यावर शेजारी बसलेले दाजी हलक्या आवाजात म्हणाले, "ते नुसतं घोरणं नव्हतं. हृदय दमलं की रक्त मेंदूपाशी उशिरा पोचतं. मेंदूला उशिरा कळतं, म्हणून तो आधी जास्त श्वास घ्यायला लावतो आणि मग थांबवतो. इतका स्पष्ट नमुना म्या दुसरीकडं ऐकला न्हाय."

"दाजी, तुमाला हे कवा कळलं?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. "पहिल्या दिवाळीला शंका आली. दुसऱ्या दिवाळीला खात्री झाली."

"मग बोलला का न्हाईत?"

"मी त्यातला डॉक्टर न्हाय. आन् जावयानं सासऱ्याच्या जिवाबद्दल असलं अभद्र कसं बोलावं?"

पंगतीत उंदराचा मेंदू कापणाऱ्या माणसाला नेमकी तिथं रीत आठवली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलतो.

ते आवाज दाजींनी ताईला पाठवले, ताईनं आईला. आता आई रोज दुपारी त्याच खोलीत पंखा बंद करून मोबाइल कानाशी धरते. अप्पांचं एवढंच तिच्याजवळ उरलंय. मी खरं सांगितलं तर तिला त्यात झोप ऐकू यायची नाही, दुखणं ऐकू येईल. आणि ताईला त्या माणसाबरोबर जन्म काढायचाय. म्हणून मी गप्प आहे, आणि गप्प राहावं लागतंय याचाही राग दाजींवरच आहे.

काल आईनं मला जवळ बसवून ऐकवलं. आवाज चढला, उतरला, थांबला. त्या शांततेत मोबाइलच्या अगदी जवळून दाजींचा हलका आवाज आला, "वा." मग मोठ्ठा श्वास, आणि "शिवा शिवा".

आई डोळे पुसत म्हणाली, "बघ, किती जीव हुता जावयाचा ह्यांच्यावर."

मी उठून दुकानात जाऊन बसलो.