काकूंचं आजारपण

परंड्याच्या काकू दिवसा कधी खाटेला पाठ लावत नसत. मी त्यांच्या घरात पुढची खोली भाड्यानं घेऊन राहिलो, तेवढ्या वर्षांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला. ताप आला तर भिंतीला टेकून बसत आणि बसल्या बसल्या शेंगा फोडत. "काकू, पडा की जरा," असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "ऊन असताना खाटंवर मुडदा निजतो. म्या अजून जित्ती हाय."

त्यांचे यजमान अण्णा आमच्या शाळेचे हेडमास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लागलेला मास्तर. अण्णांचं शिक्षण उर्दूतलं. निजामाचं राज्य जाऊन आपलं राज्य आलं, पण अण्णांची भीती काही गेली नाही. शिपायानं लखोटा आणला तरी ते उठून उभे राहायचे. काकू मात्र कुणालाच भीत नसत. तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी एकदा जेवणावरून उठवून हात धुवायला लावले होते. "साहेब हाईसा ते कचेरीत. हितं आदी हात धुवा," म्हणाल्या. साहेब मुकाट्यानं उठले.

एकुलती एक मुलगी कुसुम. तिला बार्शीला दिली होती, वसंतराव नावाच्या माणसाला. आडत दुकानात याची चौथाई भागी, पण तोरा मात्र दुकान एकट्याचं असल्यासारखा. माणूस वाईट असतो तेव्हा निदान भांडता येतं. हा गोड होता, आणि गोड माणसाशी भांडायची आपल्याकडे सोय नाही.

अधिक महिना आला. जावयाला धोंडे खायला बोलावलं. काकूंनी पुरण घातलं, चांदीची वाटी वाणात ठेवली. वसंतराव पाटावर बसले, ताट वाढलं, पण हात काही पुढं येईना. आपल्याकडे जावई ताटावर रुसला की सगळ्या घरानं श्वास धरून बसायचं. अण्णांनी विचारलं, "काय कमी पडलं, जावईबापू?"

"कमी काय न्हाय, मामा. एक मोटार बघितलीय सोलापुरात. जुनीच हाय, पण चालतीय झकास. थोडा हातभार लावला असता तर... तुमचा फंड पडूनच हाय न्हवं?"

पडूनच! पगारातून महिन्याच्या महिन्याला कापलं गेलेलं, पेन्शनीला बसल्यावर अंगावर घालायचं ते पांघरूण. आणि ते यांना पडलेलं दिसलं. ताट तसंच निवलं. वसंतराव संध्याकाळच्या एस.टी.नं परत गेले आणि जाताना कुसुमला ठेवून गेले. "मोटार आली की तिच्यातनंच न्यायला येतो," असं हसत म्हणाले. सगळ्या गल्लीनं ते ऐकलं, आणि गल्लीला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट बायका म्हणाल्या, जावई हौशी आहे हो.

महिने गेले. कुसुम परसात भांडी घासायची आणि रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला की हात थांबवायची. शेवटी अण्णा कचेरीत चौकशी करून आले. फंडातून उचल मिळते, पण मोटारीसाठी नाही. आजारपणासाठी मिळते. कारकुनानं हसून सांगितलं, "गुरुजी, सगळेच आजारी पाडतात. घरातलं कुणीतरी खाटंवर निजवा, डॉक्टरचा दाखला जोडा, दरख्वास्त मंजूर." जावयाला मोटार पाहिजे म्हणून मुलगी घरी बसलीय, हे खरं कारण लिहिलं तर कागद परत येणार. धडधाकट बाई मरायला टेकलीय असं लिहिलं की पैसे मिळणार! हा कुठला न्याय, ते मला आजही कुणी समजावून दिलेलं नाही. बरं, त्या कारकुनाला, डॉक्टरला, कुणालाच यात पाप वाटत नव्हतं. रीतच होती ती.

निजायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. अण्णांना रोज शाळेत गाव बघायचं.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता काकू म्हणाल्या, "पोरगी नांदायला जाणार असंल तर निजते. कवा यायचाय तुमचा डॉक्टर?"

डॉक्टर आले ते भर दुपारी. वसंतराव मुद्दाम बार्शीहून आले होते, तेच त्यांना दवाखान्यातून घेऊन आले. काकूंच्या कपाळावर सुंठीचा लेप, अंगावर गोधडी. उन्हाची तिरीप थेट खाटेवर आली होती आणि काकू डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत होत्या. मी दारात उभा होतो. एवढी लाज मी कुणाच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिली नाही.

वसंतराव खुर्चीवर ऐसपैस बसले. "कुसुम, च्या टाक डॉक्टरसायबाला," म्हणाले, आणि मग आवाज पाडून, "मामींचं काय खरं न्हाय बघा." डॉक्टरांनी रीतीप्रमाणे नाडी धरली, रीतीप्रमाणे विचारलं, "किती दिवस झाले?"

वसंतरावांनी कुसुमकडे पाहून भुवई उडवली. चहाचा कप हातात घेऊन ती पोरगी खाली मान घालून म्हणाली, "लई दिस झालं. अन्न जात न्हाय. रातचं बडबडती आई."

काकू उठून बसल्या.

गोधडी बाजूला सारली आणि पदरानं लेप पुसला. "म्या निजले ते सोसलं," त्या जावयाला म्हणाल्या, "पर माज्या लेकीला माज्या तोंडावर खोटं बोलाय शिकिवलंस व्हय रं? आज आईला आजारी म्हनती, उद्या तुज्या भुवईसरशी मेली म्हनंल." मग डॉक्टरांकडे वळल्या. "लिवा डॉक्टरसायेब. बाई ठणठणीत हाय. आजारी ह्यो हाय. ह्येची नाडी बघा."

अण्णा "अगं, अगं" करेपर्यंत त्यांनी घागर उचलली होती. भर उन्हात, कपाळावर लेपाचे ओघळ तसेच, त्या आडावर गेल्या आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन मधल्या पेठेतून परत आल्या. जवळची वाट सोडून मुद्दाम पेठेतून. आता परंड्यातला कुठलाही डॉक्टर काकू आजारी आहेत असं लिहू शकत नव्हता.

वसंतराव गेले ते गेलेच. पुढं त्यांनी दुसरं लग्न केलं. कायदा झाला होता म्हणे, पण तो बार्शीपर्यंत पोचला नसावा. दुसऱ्या सासऱ्यानं मोटार दिली. वसंतराव ती घेऊन मुद्दाम आमच्या गल्लीतून गेले, आणि काकूंनी पोरीचा संसार मोडला म्हणून बोटं मोडणारी माणसंच ती मोटार बघायला दारात आली. एकानं तर तिच्यावरची धूळ उपरण्यानं पुसली. मी त्या माणसाशी पुन्हा बोललो नाही.

अण्णांनी पुढं फंडातून उचल घेतली, कुसुमच्या ट्रेनिंगसाठी. दरख्वास्त पाठवायच्या आधी काकूंनी त्यांना समोर बसवलं. "काय कारण लिवलंय? वाचा मोठ्यानं." अण्णांनी वाचलं, "मुलीच्या शिक्षणाकरिता." "परत वाचा," म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्यांनी चूल पेटवली. कुसुम उस्मानाबादला शिकून मास्तरीण झाली आणि परंड्यातच लागली.

मग काकू खरोखरच आजारी पडल्या. तेही भिंतीला टेकूनच. पोटात गाठ होती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. आजारपण या शब्दाचाच त्यांना विटाळ झाला होता. ते कुणामुळे, हे मी विसरलेलो नाही. सोलापूरला न्यायचं ठरलं तेव्हा कुसुमनं आपल्या पगारातून भाड्याची मोटार आणली. मागच्या बाकावर उशी, गोधडी घालून अंथरूण केलं होतं. काकूंनी ते हातानं ढकललं. "सरळ बशीव मला."

कुर्डुवाडीच्या अलीकडे त्यांची मान कुसुमच्या खांद्यावर कलली. मी पुढं बसलो होतो. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, मागं वळून पाहिलं आणि टोपी काढली. मग तो हळूच म्हणाला, "बाई, आता आडवं करा त्यांना. परत फिरतो."

कुसुमनं आईचा पदर नीट केला, खांदा आणखी थोडा जवळ सरकवला.

"राहू द्या," ती म्हणाली, "अजून ऊन आहे."