पायाला टांगलेलं वजन

प्रभादेवीत एका फ्लॅटचं पीओपीचं छत करताना मी ज्यावर उभा होतो त्या लाकडी घोडीवरून पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. परळच्या इस्पितळात नेलं. मांडीवरची जखम भरेपर्यंत ऑपरेशन होणार नव्हतं. तोवर हाडाची टोकं एकमेकांवर चढू नयेत म्हणून नडगीतून सळई घालून तिला दोरी बांधली, ती पलंगाच्या टोकाच्या चाकावरून खाली सोडली आणि तिला सात किलोची वाळूची पिशवी टांगली. टोकं चढली तर पाय आखूड राहील, असं सांगितलं होतं. मला दुसरं काही सुचायचंच नाही. आखूड पायाने घोडीवर कसा चढणार? आणि सातवीत शाळा सोडलेल्याला दुसरं काम कोण देणार?

वाशीमहून आई आली. दुसऱ्या दिवशी मी जेवत असताना तिने हळूच पिशवीखाली स्टूल सरकवलं.

"जेवताना तरी पायाले आराम भेटू दे, बाप्पा."

बरं वाटलं. पण थोड्याच वेळात मांडीत असे गोळे आले की हातातला घास पडला. शेजारच्या खाटेवरचे लालबागचे मालवणी काका ओरडले, "ओ सिस्टर, हय बघा आधी!"

सिस्टरच्या आधी राउंडवरच्या तरुण डॉक्टर मॅडम धावत आल्या. "स्टूल कोणी ठेवलं?"

"मी," आई म्हणाली. "पण पिशवी सात किलोची सातच हाये ना? मी काय त्यातली वाळू काढली?"

मलाही तसंच वाटत होतं. सात किलो म्हणजे सात किलो. टांगा, नाहीतर ठेवा.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी आईला दोन्ही हातांनी पिशवी पेलायला लावली आणि स्टूल काढलं. "काय वाटतं, मावशी?"

"खाली ओढते."

"पृथ्वी ओढते तिला. त्या ओढीलाच वजन म्हणायचं. आता ती तुम्ही पेललीत, म्हणून दोरी सैल आहे. पायापर्यंत काही पोचतच नाही. आता हात खाली घ्या, सावकाश."

दोरी ताठ होत गेली. गोळाही हळूहळू सुटला.

"मग मी पायाकडे घसरत कसा नाही?" मी विचारलं.

मॅडमनी पलंगाच्या पायथ्याखालच्या विटा दाखवल्या. मला वाटायचं, फरशी खचलीय. "पायथा उंच केलाय. तुमचं स्वतःचं वजन तुम्हाला डोक्याकडे ओढतं."

"म्हणजे हो इतके दिस रस्सीखेच खेळता," काका म्हणाले, "आणि आमका वाटला, झोपून खाता!" सगळा वॉर्ड हसला.

शाळेत गुरुत्वाकर्षण मी छडीच्या भीतीने पाठ केलं होतं. इथे ते मांडीत कळलं. काळजी गेली नाही, पण तिला काम मिळालं. पिशवी कशाला टेकली नाही ना, एवढं बघत राहायचो. आई तर झाडूवाल्यालाही पिशवीजवळ फिरकू देईना.

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी मॅडमनी त्या पायाखाली वजनकाटा ठेवला. "दहा किलोपर्यंतच दाबा, हाड अजून जुळतंय."

मी वॉकर धरून दाबलं. मी तोच, पाय तोच, पण काटा मी दाबेन तसा सरकत होता.

"धा झाले, बस!" आईच आधी ओरडली.

मग मॅडमनी मला सरळ उभं केलं आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून वाकून पाहिलं.

"दोन्ही पाय सारखे आहेत."

आई त्यांच्या पाया पडायला वाकली, तशा त्या म्हणाल्या, "अहो मावशी, आधी त्याला धरा!"